शून्य सावली बघायची असेल, तर बाराच्या ठोक्याला गच्चीवर जाऊ नका

मे महिना लागला की मोबाइलवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. गच्चीवर पाण्याची बाटली, तिच्याशेजारी बोट-दोन बोटं सावली आणि खाली मजकूर : ‘आज शून्य सावली दिवस होता म्हणे, पण आमच्याकडे सावली गेलीच नाही.’ फोटोची वेळ पाहिली तर बहुधा बारा किंवा बारा-पाच असते. तारीख बरोबर, गाव बरोबर, उत्साह तर भरपूर; चुकलेलं असतं फक्त घड्याळ.

शून्य सावली म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर आल्यामुळे सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखालीच पडते, बाजूला दिसत नाही, तो क्षण. तो पाहण्याची सगळी तयारी एका हिशेबावर उभी आहे, म्हणून तो आधी सांगतो. सूर्य आकाशात पश्चिमेकडे तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे मिनिटाला पाव अंश. उत्तरेकडे मात्र तो मेच्या मध्यावर अख्ख्या दिवसात जेमतेम पाव अंश सरकतो. थोडक्यात, मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात तारीख एका दिवसाने चुकली काय आणि वेळ एका मिनिटाने चुकली काय, नुकसान सारखंच. लोक तारखेसाठी बातम्या शोधतात आणि मिनिटाकडे बघतही नाहीत. या लेखात मिनिटाला जास्त जागा दिली आहे, ती त्यामुळेच.

टप्पा १ : आपल्या जागेची तारीख ठरवा

सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावांत, आणि वर्षातून दोनदा. महाराष्ट्र आणि गोवा पूर्णपणे या पट्ट्यात आहेत. इंदूर आणि बडोद्याचे मराठी वाचकही पट्ट्यात येतात. दिल्ली येत नाही. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांना तिथे हा प्रयोग कोणत्याच दिवशी जमणार नाही. सुट्टीत घरी आलात तर जरूर करा.

साधारण तारखा अशा (वर्षागणिक एखादा दिवस मागे-पुढे होऊ शकतो) :

- पणजी : २ मे आणि १० ऑगस्ट
- कोल्हापूर : ६ मे आणि ५ ऑगस्ट
- सोलापूर : १० मे आणि २ ऑगस्ट
- पुणे : १३ मे आणि ३० जुलै
- मुंबई : १५ मे आणि २७ जुलै
- नाशिक : २० मे आणि २३ जुलै
- जळगाव : २५ मे आणि १८ जुलै
- नागपूर : २६ मे आणि १७ जुलै

आपलं गाव यादीत नसेल तर त्याचा अक्षांश नकाशावर पाहा आणि जवळच्या गावाशी ताडून घ्या. एक अंश म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर. मे महिन्यात सूर्य कोल्हापूरच्या आसपास रोज साधारण ३० किलोमीटर उत्तरेकडे सरकतो, मुंबईच्या आसपास २५ आणि नागपूरकडे पोचेपर्यंत २० च्याही खाली येतो. म्हणूनच ‘महाराष्ट्रात आज शून्य सावली’ या वाक्याला अर्थ नाही. मुंबईतसुद्धा कुलाब्याला १५ मे आली, तर बोरिवलीला १६ उजाडते.

> इथे हमखास चूक होते : १८ अंश ३१ मिनिटे म्हणजे १८.३१ नव्हे. एका अंशात ६० मिनिटे असतात, त्यामुळे ३१ ला ६० ने भागायचं, उत्तर १८.५२. मोबाइलचा नकाशा बहुधा दशांशात आकडे देतो, जुन्या पुस्तकात अंश-मिनिटे असतात. दोन्हींची गल्लत झाली की तारीख एका दिवसाने हुकते.

पावसाळ्यातल्या तारखांवर भिस्त ठेवू नका. त्या दिवसांत कोकणात आणि घाटमाथ्यावर सूर्य दिसणंच मुश्कील. मुख्य प्रयोग मेमध्ये करा, पावसाळ्यातला मिळाला तर मिळाला.

टप्पा २ : मिनिट ठरवा

आपल्या घड्याळातले बारा हे ८२.५ पूर्व रेखांशाचे बारा. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. मुंबई तिच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेदहा अंश आहे आणि प्रत्येक अंशामागे सूर्याला ४ मिनिटे लागतात. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर उशिरा येतो. ही खरी डोक्यावर येण्याची वेळ म्हणजे स्थानिक मध्यान्ह.

ती काढण्याचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग असा : त्या दिवशीच्या आपल्या गावच्या सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची वेळ घ्या आणि दोन्हींचा मध्य काढा. मुंबईत १५ मेच्या सुमारास सूर्य सकाळी ६ वाजून ५ मिनिटांच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या आसपास मावळतो. मध्य आला १२ वाजून ३५ मिनिटे. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या वेळा बहुतेकदा मुंबईच्या असतात, हे मात्र विसरू नका. नागपूरच्या वाचकाने त्या जशाच्या तशा वापरल्या तर तो जवळजवळ २५ मिनिटे उशिरा गच्चीवर पोचेल.

दुसरा मार्ग हिशेबाचा. ८२.५ मधून आपला रेखांश वजा करा, उत्तराला ४ ने गुणा. एवढी मिनिटे १२ मध्ये मिळवा. मग मे महिना असेल तर त्यातून सुमारे साडेतीन मिनिटे कमी करा. जुलैचा शेवट असेल तर सुमारे साडेसहा मिनिटे वाढवा. ही दुरुस्ती लागते, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाशी तंतोतंत जुळून चालत नाही.

पुण्यासाठी करून पाहू. रेखांश ७३.८६. फरक ८.६४, गुणिले ४ म्हणजे सुमारे ३४.५ मिनिटे. त्यातून साडेतीन गेली, उरली ३१. म्हणजे १३ मेला पुण्यात १२ वाजून ३१ मिनिटे. याच पद्धतीने कोल्हापूर १२.३०, सोलापूर १२.२३, जळगाव १२.२५, नागपूर १२.११. जुलैअखेर मुंबईची हीच वेळ १२.४५ होते.

> तपासा : दोन्ही मार्गांनी काढलेल्या वेळांत दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक आहे? मग बहुतेक सूर्योदयाची वेळ दुसऱ्याच गावाची घेतली आहे, किंवा अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली आहे.

वेळ मोबाइलच्या आपोआप जुळणाऱ्या घड्याळावर बघा. कित्येक घरांत भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे लावलेलं असतं. या प्रयोगात ती पाच मिनिटं म्हणजे सव्वा अंश.

टप्पा ३ : वस्तू निवडा

माझ्या मते सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे पीव्हीसी पाइपचा २० सेंटिमीटर लांबीचा सरळ कापलेला तुकडा. प्लंबरकडे असे तुकडे उरलेले असतात. कापताना टोकं काटकोनात येतील असं सांगा. पाइपचा दुहेरी फायदा होतो : बाहेरून सावली बघता येते आणि आत पडणारा उजेडही. सूर्य बरोबर माथ्यावर आला की पाइपच्या तळाशी उजेडाचं पूर्ण वर्तुळ भरतं. एक मिनिट आधी त्याच्या कडेला बारीक काळी कोर असते. बाहेरच्या सावलीपेक्षा ही कोर मिटताना बघणं मला जास्त आवडतं.

आता टाळायच्या वस्तू.

पाण्याची बाटली : झाकण आणि खांदा अरुंद असतो, त्यामुळे सावली बाटलीच्या बुडाआड लपते आणि वेळेच्या आधीच ‘गायब’ झाल्यासारखी वाटते. शिवाय पारदर्शक बाटली उजेड वाकवते, तिच्याभोवती चमकदार रेघा पडतात.

स्टीलचा पेला : तोंड बुडापेक्षा रुंद, त्यामुळे सूर्य अगदी माथ्यावर असतानाही बुडाभोवती सावलीचं कडं दिसणारच. तो उपडा घातला तर उलट गडबड होते. सावली बराच वेळ बुडाआड राहते आणि अख्खी पंधरा मिनिटे शून्य सावली पाहिल्याचं समाधान मिळतं, पण ते खोटं असतं.

स्टूल किंवा माणूस : इथे मूळ समजुतीचाच घोळ आहे. शून्य सावली म्हणजे सावली नाहीशी होणं नव्हे. सावली वस्तूच्या बरोबर खाली पडते. स्टुलाची सावली स्टुलाखाली स्पष्ट दिसते. आपण उभे राहिलो तर खांद्यांची सावली पावलांभोवती पडते. म्हणून बुडापासून माथ्यापर्यंत सारख्याच जाडीची, सपाट बुडाची वस्तू हवी.

टप्पा ४ : जागा सपाट करा

घड्याळानंतर सगळ्यात जास्त प्रयोग बिघडतात ते इथे. गच्चीची जमीन कधीच सपाट नसते. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तिला ढाळ दिलेला असतो. मीटरभर अंतरात एक सेंटिमीटर उतार डोळ्यांना दिसतही नाही, पण तो अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच भरतो. वरच्या हिशेबाने दोन मिनिटांहून अधिक चूक नुसत्या फरशीमुळे.

क्रम असा ठेवा.

१. कॅरम बोर्ड किंवा जाड प्लायचा तुकडा घ्या. त्यावर पांढरा कागद चारही बाजूंनी चिकटवा.
२. गवंड्याची पाणसळ बोर्डावर आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम ठेवा. बोर्डाखाली कागदाच्या घड्या सरकवून दोन्ही दिशांनी बुडबुडा मध्यावर आणा. पाणसळ नसेल तर मोबाइलमधली लेव्हल चालते. फक्त मोबाइल कव्हर काढून ठेवा.
३. पाइप उभा करा. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि तो पाइपशेजारी दोन बाजूंनी धरून पाहा. दोरा आणि पाइपची कड समांतर दिसली पाहिजे.
४. पाइपभोवती पेन्सिलने गोल काढा, म्हणजे तो वाऱ्याने हलला तर कळेल.

> तपासा : पाइप आहे त्याच जागी स्वतःभोवती अर्धा फिरवा. सावलीची दिशा पाइपबरोबर बदलली तर पाइपचं टोक तिरकं कापलेलं आहे. सावली होती तशीच राहिली तर पाइप ठीक आहे. काही दोष असलाच तर तो बोर्डाचा.

आजूबाजूला पांढरी भिंत, काचेची खिडकी किंवा पाण्याच्या टाकीचा चकचकीत पत्रा नसावा. त्यावरून उसळलेला उजेड सावली फिकट करतो.

टप्पा ५ : आठवडाभर आधी रंगीत तालीम

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. गाळू नका. यात काढलेली वेळ खरी आहे का ते तुमच्याच गच्चीवर कळतं, कुणावर विश्वास ठेवावा लागत नाही.

साडेअकराच्या सुमारास सावलीच्या टोकावर ठिपका द्या आणि वेळ लिहा. पाइपच्या मध्यापासून त्या ठिपक्यापर्यंतची त्रिज्या घेऊन वर्तुळ काढा. दुपारी सावली आखूड होऊन पुन्हा वाढेल. तिचं टोक त्याच वर्तुळाला दुसऱ्या बाजूने टेकेल, ती वेळ टिपा. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे स्थानिक मध्यान्ह. पुण्यात ११.३० ला सुरुवात केली तर टोक सुमारे १.३२ ला वर्तुळावर परत येईल. दोन्ही ठिपके जोडले की पूर्व-पश्चिम रेषाही मिळते. ती कागदावर ठेवा, पुढे लागणार आहे.

मध्यान्हाची वेळ आठवडाभरात काही सेकंदांनीच बदलते, त्यामुळे हा आकडा मुख्य दिवशी सरळ वापरता येतो.

टप्पा ६ : प्रत्यक्ष दिवस

मध्यान्हाच्या ४० मिनिटे आधी वर जा, सगळं मांडा, पाणसळ पुन्हा लावून बघा आणि सावलीत येऊन बसा.

> इशारा : वर बघून ‘सूर्य खरंच डोक्यावर आलाय का’ हे पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका. साध्या गॉगलने डोळ्यांचं रक्षण होत नाही. सगळं निरीक्षण खाली मान घालून करायचं आहे. टोपी, पाणी आणि पायात चप्पल हवीच. विदर्भात या दिवसांत फरशीवर अनवाणी पाय ठेवणं म्हणजे फोड ओढवून घेणं. पाइपऐवजी विहिरीच्या तळाशी पडणारा उजेड बघायचा मोह झाला तर कठड्यावरून वाकू नका.

मध्यान्हाच्या १० मिनिटे आधी टोकावर पहिला ठिपका द्या. मग दर मिनिटाला एक, मध्यान्हानंतर १० मिनिटांपर्यंत. २० सेंटिमीटरच्या पाइपची सावली १० मिनिटे आधी सुमारे ८ मिलिमीटर असेल, ५ मिनिटे आधी ४, एक मिनिट आधी १ पेक्षाही कमी. मुंबईत बाराच्या ठोक्याला हीच सावली जवळजवळ ३ सेंटिमीटर भरते. सुरुवातीला सांगितलेल्या फोटोंमधली सावली ती हीच.

एक अडचण आधी कुणी सांगत नाही : सूर्य माथ्यावर असताना पाइपवर वाकून बघितलं की आपल्याच डोक्याची सावली पाइपवर पडते. नेमक्या क्षणी चार डोकी एकत्र वाकतात आणि कुणालाच काही दिसत नाही. सगळ्यांनी बोर्डापासून हातभर लांब, उकिडवं बसून बाजूने बघायचं. फोटोही बाजूने, मोबाइल खाली धरून काढायचा. पाइपच्या आत बघायचं असेल तर तिरकं, एका वेळी एकाने.

ठिपके देणारा एक, वेळ मोठ्याने सांगणारा दुसरा आणि फोटो काढणारा तिसरा अशी कामं वाटून घ्या. ढग आला तर ठिपका गाळा, अंदाजाने देऊ नका.

टप्पा ७ : दिसलं ते वाचा

अगदी योग्य क्षणीही पाइपच्या बुडाभोवती सुमारे मिलिमीटरभर रुंदीची फिकट करडी किनार दिसेल. ती चूक नाही. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी अर्धा अंश रुंद दिसते, म्हणून सावलीची कड कधीच धारदार नसते. याच कारणाने पाइप मिनिट-दोन मिनिटे सावलीविना वाटतो, आणि आदल्या किंवा दुसऱ्या दिवशीही प्रयोग जवळपास तितकाच छान दिसतो. १५ तारखेला ढग आले म्हणून निराश होऊ नका, १६ ला पुन्हा वर जा.

किनारीपलीकडे स्पष्ट सावली उरली असेल तर ती कुठल्या बाजूला आहे ते पूर्व-पश्चिम रेषेवरून ठरवा.

- पश्चिमेला : तुम्ही लवकर पाहिलंत.
- पूर्वेला : उशीर झाला.
- उत्तरेला : मे महिन्यात याचा अर्थ सूर्य अजून तुमच्या अक्षांशावर पोचलेला नाही, उद्या बघा. जुलै-ऑगस्टमध्ये अर्थ उलटा, दिवस होऊन गेला.
- दक्षिणेला : मेमध्ये दिवस होऊन गेला, जुलै-ऑगस्टमध्ये यायचा आहे.

वेळ आणि तारीख दोन्हींची खात्री असूनही सावली उरली तर बोर्डाचा उतार पुन्हा मोजा.

आणि एक निरीक्षण महिनाभर करता येईल. मेमधल्या तुमच्या तारखेपासून पावसाळ्यातल्या तारखेपर्यंत भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. एरवी वर्षभर ती उत्तरेला असते. मेअखेरीस मुंबई-पुण्यात कधीही, मध्यान्हाच्या मिनिटाला, हे पाहून घ्या.

टप्पा ८ : जमलं तर, दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला फोन करा

या प्रयोगातून पृथ्वीचा परीघ काढता येतो. त्यासाठी साधारण एकाच रेखांशावरची, पण उत्तर-दक्षिण लांबची दोन गावं हवीत. कोल्हापूर आणि जळगाव ही जोडी चांगली.

६ मेला कोल्हापुरात शून्य सावली असते. त्याच दिवशी जळगावच्या नातेवाइकाने एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंब्यात उभी करून, जळगावच्या मध्यान्हाला (कोल्हापूरच्या नव्हे), सावली मोजायची. ती सुमारे साडेसात सेंटिमीटर उत्तरेला पडेल. सावली भागिले काठीची उंची म्हणजे ०.०७५, हा ज्या कोनाचा टॅन्जंट आहे तो कोन कॅल्क्युलेटरवर काढला की ४.३ अंश येतो. नकाशावर कोल्हापूरपासून सरळ उत्तरेकडे, जळगावच्या बरोबरीला येईपर्यंतचं अंतर मोजा. ते सुमारे ४७८ किलोमीटर भरतं. ३६० भागिले ४.३, गुणिले ४७८ : उत्तर ४०,००० किलोमीटरच्या आसपास.

दोन ठिकाणी घसरायला होतं. एक, रस्त्याचं अंतर घेतलं जातं. एसटीच्या तिकिटावरचे किलोमीटर इथे चालत नाहीत, आणि तिरकं हवाई अंतरही नाही. दुसरं, मीटरभर काठीच्या सावलीचं टोक ९-१० मिलिमीटर इतकं धूसर असतं. गडद भाग जिथे संपतो आणि उजेड जिथे पूर्ण सुरू होतो, त्यांच्या मधोमध खूण करायची. इथे ३ मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तर परिघात चार टक्क्यांचा, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटरचा फरक पडतो. म्हणून मध्यान्हाच्या आधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं दर मिनिटाला खुणा करायला सांगा आणि त्यातली सगळ्यात आखूड सावली घ्या. जळगावचा आकडा फोनवर तोंडी न घेता खुणांच्या कागदाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो मागवा.